बाराव्या दिवसाचं नाव

“नाव काय लिहू?” मी विचारलं.

फुलवंताबाईंनी मान वर केली नाही. डाव्या मुठीत धानाचा बुंधा धरायचा, विळा घालून खस्सकन ओढायचा आणि कापलेला धान शेजारी अलगद निजवायचा, हे त्यांचं चालूच होतं. मी बांधावर उभी. हातात अर्ज, अर्जाखाली पुठ्ठा, आणि पायात नव्या सँडल, ज्या त्या चिखलात घालून यायचा शहाणपणा फक्त मीच करू जाणे.

“बाई, वाणाचं नाव विचारतेय मी. बाकी सगळा अर्ज भरून झालाय. ही एकच ओळ राहिली.”

“राहू द्या.”

“राहू कशी देणार? बिननावाचा अर्ज घेत नाहीत.”

आता कुठे त्या उभ्या राहिल्या. पदरानं तोंड पुसलं. पन्नाशीला टेकलेली, काळीसावळी, काटक बाई. “नाव मीच देईन जी. पन आज नाई. आज कापनी. आजपासून बाराव्या दिसी या. तवा सांगीन.”

“लिहा ना म्याडम, कापगते-एक!” माझ्या मागून आवाज आला. “मस्त वजनदार नाव हाय. आमच्या खानदानाचं.”

हे सदारामजी कापगते, फुलवंताबाईंचे थोरले दीर. गावचे माजी पोलीसपाटील, पांढरी टोपी, आवाज असा की पलीकडच्या शिवारातली माणसं वळून बघायची. त्या भागात थोरल्या दिराशी, म्हणजे भासऱ्याशी, धाकट्या भावाची बायको समोरासमोर बोलत नाही. फुलवंताबाईंनी पदर पुढे ओढला आणि चार हातांवर उभ्या असलेल्या माणसासाठीचा निरोप माझ्याकडे दिला.

“त्याइले सांगा म्याडम, धान मी वाढवला. नाव मी ठेवीन.”

मी वळून सदारामजींना म्हटलं, “त्या म्हणतात...”

“आयकलं मी,” सदारामजी म्हणाले आणि खो खो हसले.

ही गोष्ट दोन हजार दहा सालच्या नोव्हेंबरातली. मी कागलची. लहानपणापासून बघितला तो ऊस, आणि नोकरी लागली ती थेट भंडारा जिल्ह्यात, कृषी सहायक म्हणून. धानाबद्दल मला पुस्तकात होतं तेवढं ठाऊक होतं, आणि पुस्तकात आहे म्हणजे सगळं ठाऊक आहे, असं त्या वयात मला वाटायचं. शेतकऱ्यांनी स्वतः तयार केलेल्या वाणांची नोंदणी सुरू झाली होती. एकदा नोंद झाली की तो वाण त्या शेतकऱ्याचा आणि अर्जात असेल तेच त्याचं कायमचं नाव. आमच्या तालुक्यातून एक तरी अर्ज गेलाच पाहिजे, असं आमच्या साहेबांनी मनावर घेतलं होतं. तो एक अर्ज म्हणजे पिंपळबोडीच्या फुलवंता डोमाजी कापगते.

त्या बाईंनी काय केलं होतं ते आधी सांगते. सात वर्षांपूर्वी गावच्या तलावाची पाळ, म्हणजे बांध, फुटायला आली होती, तेव्हा त्यांची खालची बांधी, म्हणजे उताराकडचं भाताचं खाचर, चार दिवस पाण्याखाली राहिली. पाणी ओसरलं तेव्हा सगळा धान आडवा होऊन सडलेला. गावातल्या लोकांनी तसल्या बांधीत गुरं सोडली. फुलवंताबाई मात्र गुडघाभर चिखलातून सगळी बांधी फिरल्या, आणि त्यांना मधोमध एक झाड उभं दिसलं. एकच. त्याच्या लोंबीतल्या दाण्यांची टोकं लालसर होती. त्यांनी ती लोंबी ओटीत घालून आणली.

पुढल्या वर्षी ते मूठभर दाणे त्यांनी वेगळे पेरले. जी झाडं तशीच निघाली ती ठेवली, जी वेगळी वाटली ती उपटून गुरांना घातली. पुन्हा पुढल्या वर्षी तेच, आणि त्याच्या पुढल्या वर्षीही. प्रत्येक चांगल्या लोंबीची वेगळी ओळ, प्रत्येक ओळीवर वेगळी नजर. बियाणं वाळलेल्या भोपळ्याच्या तुंब्यात भरून चुलीच्या वर टांगायचं, म्हणजे धुरानं कीड लागत नाही. आम्हाला विद्यापीठात हेच दोन सत्रं शिकवलं होतं, आलेखांसकट. या बाईंना अंगठा उठवण्यापलीकडे लिहिणं माहीत नव्हतं, आणि त्यांची बांधी आमच्या विद्यापीठाच्या प्रक्षेत्रापेक्षा जास्त एकसारखी होती. हे मान्य करताना मला जरा जडच गेलं.

इतकं जड की मी त्यांची परीक्षा घ्यायला गेले. दहा पुड्यांमध्ये वेगवेगळे धान भरले, त्यातल्या दोनांत त्यांचा. त्यांनी एकेक दाणा दाताखाली धरला, तुकडा केला आणि दोन पुड्या माझ्यापुढे सरकवल्या. बरोबर त्याच दोन. मग उरलेल्या आठ पुड्या माझ्यापुढे लोटून म्हणाल्या, “आता तुमी सांगा, यात हलका कोनता आन भारी कोनता?” हलका म्हणजे लवकर पिकणारा, भारी म्हणजे उशिरा; मला एकही सांगता आला नाही. त्या हसल्या नाहीत. शेजारी बसवून त्यांनी मला दाणा चावायला शिकवला. त्या दिवसापासून मी त्यांची भक्तच झाले म्हणा ना.

धान त्यांनी लपवून ठेवला नव्हता. मागेल त्याला पायलीभर बियाणं देत गेल्या होत्या. पाच गावांतले साठ-सत्तर शेतकरी पाणथळ बांधीत तोच लावत होते. पण नाव? एका गावात ‘लालटोक्या’, दुसऱ्यात ‘बाईचा धान’, तिसऱ्यात ‘पिंपळबोडी’. खुद्द फुलवंताबाई त्याला नुसतं ‘ते’ म्हणायच्या. सात वर्षं एखादी गोष्ट हातानं वाढवायची आणि तिला नाव द्यायचं नाही, हे मला विचित्र वाटलं होतं. विचारलंही होतं. “दृष्ट लागते,” एवढंच उत्तर मिळालं.

तर त्या दिवशी बांधावर मी हात टेकले. “बारा दिवस कशाला, बाई? वाळायला आठ पुरतात. कडक ऊन आहे.”

“बारा,” त्या म्हणाल्या आणि परत वाकून कापायला लागल्या.

बाकीचा अर्ज मी त्यांच्या घरी ओसरीवर बसून तपासला. डोमाजी समोर बसले होते. त्या घरात बोलण्याचं खातं सदारामजींकडे असावं, कारण डोमाजी दिवसाला चार वाक्यांवर जायचे नाहीत. कुटुंबाच्या माहितीत मी विचारलं, “मुलं किती?” फुलवंताबाई उंबऱ्यात होत्या. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. डोमाजी खाली बघत म्हणाले, “दोन. दोघंई पोरगे.” मी दोन लिहिलं. मग फुलवंताबाईंचा अंगठा घेतला. नावाची ओळ कोरीच होती, पण म्हटलं, नंतर एक शब्द तर लिहायचाय.

तो शब्द मी लिहिला, आणि कसा लिहिला ते सांगायची आजही लाज वाटते.

साहेबांचा फोन आला. “पाटोळे मॅडम, अर्ज पंचवीस तारखेला माझ्या टेबलावर पाहिजे. बियाण्याचा नमुना तीसपर्यंत आला तरी चालेल.” मी म्हटलं, बाई अठ्ठावीसला नाव सांगणार आहेत. पलीकडून साहेब म्हणाले, “धानाचं नाव आहे की पंतप्रधानाचं? लिहा काहीतरी चांगलं.”

चोवीस तारखेला दुपारी ऑफिसात बसून मी पेन काढलं आणि त्या ओळीवर स्वच्छ अक्षरात लिहिलं: कापगते-१. मनाची समजूत घातली, आडनाव त्यांचंच आहे की. खेड्यातली बाई, बारा दिवसांचं काहीतरी व्रतबित असेल, नंतर सांगितलं तर हो म्हणेल. खाली त्यांचा अंगठा होता. त्यांनी न सांगितलेल्या नावाखाली त्यांचा अंगठा. मी शाई वाळू दिली आणि अर्ज साहेबांच्या टेबलावर ठेवून आले.

अठ्ठावीसला नमुना न्यायला पिंपळबोडीला गेले. कापगत्यांच्या अंगणात शिरले आणि थबकलेच. अंगण सारवलेलं, दारात रांगोळी, आणि वीस-पंचवीस बायका नटूनथटून दाटीवाटीनं बसलेल्या. ओसरीच्या आड्याला पाळणा टांगला होता. पाळण्यात सूप, सुपात हिरवं नवं खणाचं कापड, आणि त्या कापडात गुंडाळून निजवलेली धानाच्या लोंब्यांची एक जुडी. लालसर टोकं तेवढी बाहेर दिसत होती.

“का चाललंय हे?” शेजारच्या बाईला मी त्यांच्याच बोलीत विचारून बसले.

“बारसं!” ती तोंडाला पदर लावून हसली. “फुलवंताच्या धानाचं! आमीपन पयल्यांदाच पायतो बाप्पा असं.”

सगळ्यांची थट्टामस्करी चालली होती. कुणी म्हणे, बाळ आईवर गेलंय, काटक आहे. कुणी म्हणे, बापासारखं गप्प आहे. घुगऱ्यांचं मोठं पातेलं उतरून ठेवलं होतं. एका कोपऱ्यात बसलेली एक म्हातारी सुईण मात्र हसत नव्हती, पाळण्याकडे टक लावून बघत होती. सदारामजी बाहेर खाटेवर बसून, बायकांना ऐकू जाईल असं, “धानाचं बारसं! आता गाईचं लगन लावा!” असं काहीबाही म्हणत होते.

फुलवंताबाई माझ्याकडे आल्या. हिरवं लुगडं, केसांत शेवंतीचं फूल. मी त्यांना चिखलाशिवाय पहिल्यांदाच बघत होते.

“तुमचीच वाट होती. आमच्या घरात आत्या नाई. माज्या सासऱ्याले दोन पोरगेच. आज आत्या तुमी.”

“मी?”

“मंग कोन? कागदावर नाव तुमीच लिवनार ना.”

टेबलावर ठेवून आलेला तो अर्ज मला आठवला. काही बोलणार तोच बायकांनी मला पाळण्यापाशी ढकललं. लेकराच्या कानात आत्यानं नाव सांगायचं आणि तेवढ्यात बाकीच्यांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे, ही रीत आमच्या कागललाही आहे. फुलवंताबाई माझ्या कानाशी आल्या. एक शब्द म्हणाल्या.

मला वाटलं होतं, अन्नपूर्णा असेल, लक्ष्मी असेल, फार तर त्यांच्या कुलदेवतेचं काही. त्यांनी सांगितलेलं नाव माझ्या कॉलेजातल्या दोन मुलींचं होतं. शहरी, नवं, शाळेच्या हजेरीतलं नाव. मी चमकून त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. हेच.

मी पाळण्यावर वाकले. धानाच्या जुडीला कान कुठला ते कळेना. लाल टोकांजवळ तोंड नेलं, “कुर्र” केलं आणि म्हटलं, “ऋतुजा.”

पाठीवर धपाटे बसले, चांगले सणसणीत. आत्या नोकरदार आहे म्हणून कुणी हात आखडता घेतला नाही. “काय नाव, काय नाव?” असा गलका झाला, आणि मी मोठ्यानं परत सांगितलं. मग तोंडातोंडी नाव फिरलं. “रुतुजा! रुतुजा ठेवलं! गोड हाय बाई!” पंचवीस बायका ते नाव घेत होत्या, आणि फुलवंताबाई पाळण्याची दोरी धरून उभ्या होत्या. प्रत्येकीच्या तोंडाकडे बघत होत्या. ज्या बाईच्या तोंडून नाव येई तिच्याकडे त्यांची नजर जाई. चेहऱ्यावर असं सुख मी तोवर कुणाच्या बघितलं नव्हतं, आणि मी घुगऱ्या न खाताच ठेवून दिल्या.

बायका पांगल्यावर मी त्यांना मागच्या परसात नेलं आणि सगळं सांगून टाकलं. साहेब, तारीख, पेन, अंगठा. काही गाळलं नाही.

त्या रागावतील असं वाटलं होतं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळूच दगडावर बसल्या.

“कोनतं लिवलं?”

“कापगते-एक.”

“मंग त्या कागदावर ती नाई.”

“कोण ती?”

त्यांनी पदराच्या गाठीतून दोन-चार दाणे तळहातावर काढले. मग बोलल्या, ते माझ्याकडे न बघता.

“दोन पोरगे मोठे झाले, त्याइच्या आधी एक पोरगी झाली मले. तेवीस वर्सं झाली. पयलटकरीन म्हून तालुक्याच्या दवाखान्यात नेलं होतं. बाजूच्या खाटंवर एका मास्तराची बायको होती. तिलेई पोरगी. तिनं नाव आधीच ठरवून ठेवलं होतं. दिवसभर लेकराले तेच नाव घेऊन बोले. मले लय आवडलं. आमच्या गावात असं नाव कोनाचंच नवतं. आमच्यात सगळ्या सायत्रा, भागरता, फुलवंता. मी तिले इचारलं, बाई, हे नाव मी घेऊ का? तिले हसू आलं. म्हने, घ्या की, नावं का सरतेत?”

“मग?”

“मंग घरी आनली. आज कोपऱ्यात बसली होती ना, ते सुईनबाई तिले न्हाऊ घाले. बाराव्या दिसी बारसं होतं. घुगऱ्यांचे चने भिजू घातले होते. अकराव्या दिसी सकाळी तिनं दूध घेतलं नाई. दुपारी गेली.”

परसात कोंबड्या माती उकरत होत्या. मी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले.

“नाव मी कोनाले सांगतलं नवतं. बारशाच्या आधी आईनं सांगाचं नसते. तं कोनालेच माईत नाई. तिले नेलं, पुरलं. मी रडत होती तं भासरे आमच्या घरच्याइले म्हनाले, मले आयकू येईन असं, का जिचं नावच नाई ठेवलं तिच्यासाठी रडाचं कायले? मोजतेतबी नाई तिले कोनी. तुमी इचारलं ना त्या दिसी, मुलं किती? आमचे घरचे दोन म्हनाले. खोटं नाई बोलले. रीतच तशी हाय.”

त्यांनी हातातला एक दाणा दाताखाली धरला, चावला नाही, तसाच परत तळहातावर घेतला.

“सात वर्सं मी या धानाले नाव देलं नाई. वाटे, नाव घेतलं का हेबी जाईन. या वर्सी तुमी आल्या, म्हनाल्या, सरकारच्या कागदावर नाव चढते, मंग कोनी पुसू शकत नाई. तवा मी ठरवलं. कापल्यावर अकरा दिस जाऊ द्याचे. बाराव्या दिसी घरात असलं तं बारसं कराचं. तेवढंच मांगनं होतं जी माजं. ती कागदावर पायजे होती.”

मी आयुष्यात इतकी खजील कधी झाले नाही. मी त्यांचे हात धरले आणि म्हटलं, “तीस तारीख परवा आहे. अर्ज अजून साहेबांच्या टेबलावर असेल. मी तो बदलते.”

बोलणं सोपं होतं. त्याच संध्याकाळी ऑफिसात अर्ज परत मागितला तेव्हा साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. “मुलीचं नाव? धानाला? कापगते-एक काय वाईट होतं?” मी म्हटलं, “सर, ते नाव मी माझ्या मनानं लिहिलं होतं. बाईंनी सांगितलंच नव्हतं. हवं तर माझ्यावर कारवाई करा, पण ते नाव पाठवू नका.” साहेब माणूस वाईट नव्हते, नुसते घाईत असायचे. चष्मा काढून त्यांनी माझ्याकडे बघितलं. “नवा अर्ज, नवा अंगठा, आणि गावातल्या जाणत्या माणसाची साक्षीदार म्हणून सही. उद्या दुपारपर्यंत. नाहीतर जुनाच जाईल.”

पिंपळबोडीत सही करता येणारं आणि साहेबांना चालणारं जाणतं माणूस एकच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवा अर्ज घेऊन मी सदारामजींच्या खाटेपाशी उभी राहिले. फुलवंताबाई दाराआड उभ्या होत्या, पदर कपाळापर्यंत. डोमाजी गोठ्याच्या खांबाला टेकलेले; रात्री बायकोनं त्यांना सगळं सांगितलं होतं. सदारामजींनी अर्ज लांब धरून वाचला. “कापगते कुठं गेलं?” ते गरजले. “आमी सगळ्या गावाले सांगतलं का आमच्या नावाचा धान दिल्लीले जाते. आन हे का? रुतुजा? कालचा बायकांचा खेळ कागदावर? कोन रुतुजा?”

मी तोंड उघडलं, पण माझ्याआधी डोमाजी बोलले.

“दादा, आमची पोरगी. अकरा दिसांची गेली ती.”

सदारामजींच्या हातातला कागद खाली आला. मला वाटलं, आता सही होत नाही. ते बोलले तेव्हा आवाज ओळखू येईना.

“मीच नेलं होतं तिले. टोपलीत. तलावाच्या पाळीवर. डोमाच्या पायात बळ नवतं तं मी नेलं.” त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. “काईच वजन नवतं बापा तिचं.”

डोमाजींनी खांबाला टेकलेली पाठ सरळ केली.

“म्याडम, तिले सांगा,” ते दाराकडे न बघता म्हणाले, “का मी तवा जे बोललो ते बोलाले नाई पायजे होतं.”

निरोप चार हातांचाच होता. पण मला तो न्यायचा नव्हता. “तुम्हीच सांगा,” मी म्हटलं.

म्हातारा उठला. दाराकडे वळला, डोकं उघडं, हात कुठे ठेवावे ते कळत नसल्यासारखा. “फुलवंता,” तो म्हणाला, “माजं चुकलं.”

दाराआडून उत्तर आलं. लग्न होऊन त्या घरात आल्यापासून त्या बाईनं थोरल्या दिराला उद्देशून उच्चारलेले ते पहिले शब्द असतील.

“सही करा जी.”

त्यांनी सही केली. ठसठशीत, पोलीसपाटलाची, खाली दोन रेघा मारून. मी अंगठा घेतला, नमुन्याची पिशवी मोटरसायकलला बांधली आणि अशी सुटले की तालुक्याला पोचेपर्यंत मागे बघितलं नाही. दुपारी एकच्या आत अर्ज साहेबांच्या टेबलावर होता, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

पंधरा वर्षं झाली त्याला. आता तो धान चाळीस-एक गावांत लावतात. मी बदलीनं कुठेकुठे फिरून मागच्या वर्षी त्या तालुक्यात परत गेले. पिंपळबोडीच्या शेजारच्या शाळेत वृक्षलागवडीचा कार्यक्रम होता. शाळेतल्या शिक्षिकेनं हजेरी घेतली तर एका वर्गात चार ऋतुजा. मी एकीच्या आईला विचारलं, हे नाव कसं सुचलं हो? ती म्हणाली, “धानाचं नाव हाय ना जी आमच्याकडलं. चिमटीभर बी पानथळ बांधीत टाकलं तरी उभं रायते. पोरगीबी तशीच निघाली पायजे.” मी तिच्या पोरीच्या हातात एक रोप दिलं. 

पण पंधरा वर्षांपूर्वीच्या त्या डिसेंबरात अर्जाची पोच आली, तेव्हा ती द्यायला मी मुद्दाम पिंपळबोडीला गेले होते. फुलवंताबाई खळ्यात धान उफणत होत्या. सूप खाली ठेवून त्यांनी हात लुगड्याला पुसले आणि कागद घेतला. उलटा धरला होता, मी सरळ करून दिला.

“कुठं हाय?”

मी बोट ठेवून दाखवलं. त्यांनी माझ्या बोटाच्या जागी स्वतःचं बोट ठेवलं, त्या अक्षरांवरून सावकाश फिरवलं, परत पहिल्या अक्षरापाशी आणलं.

“एक इचारू का, नणंदबाई?” बारशापासून त्या मला हेच म्हणायच्या. “या नावाचा अर्थ का होते? त्या मास्तरणीले इचारायची मले लाज वाटली. तिले वाटलं असतं, एवढंबी माईत नाई आन नाव मांगते. मंग कोनाले इचारावं? नावच कोनाले सांगतलं नवतं.”

तेवीस वर्षं त्या बाईनं एक नाव उराशी धरलं होतं, आणि त्याचा अर्थ तिला ठाऊक नव्हता.

“ऋतू म्हणजे हंगाम,” मी म्हटलं. “ऋतुजा म्हणजे हंगामातून जन्माला आलेली.”

त्यांनी ते तोंडातल्या तोंडात एकदा म्हणून बघितलं. खळ्यातल्या राशीकडे बघितलं. मग माझ्याकडे.

“म्हनजे हंगाम आला का ती येनारच?”

शब्दकोशात असं काही लिहिलेलं नाही. पण मी त्यांच्या घरची आत्या होते.

“येणारच,” मी म्हटलं. “दर वर्षी.”

फुलवंताबाईंनी कागदाची घडी घातली आणि ती पोलक्यात, आत, ठेवून दिली.

“पाहा बरं माय,” त्या म्हणाल्या, “आन मी इतकी वर्सं तिले गेलेली समजत होती.”